समुपदेशनासाठी बंद खोली द्या

ऑनलाइन समुपदेशन सोयीचे खरे, पण वागळे इस्टेटमधल्या दहा बाय दहाच्या घरात मनातले बोलायचे कुठे? आमच्या शेजारची मुलगी कानात इअरफोन घालून गच्चीच्या जिन्यात बसते. कुणाची चाहूल लागली की ‘नंतर बोलते’ म्हणत फोन ठेवते. उपचाराच्या केंद्रस्थानी त्या माणसाचे म्हणणे हवे, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1940च्या दशकातच मांडले. इथे त्याला धड बोलताच येत नसेल, तर समुपदेशकाने उपचाराच्या कितीही पद्धतींचा मेळ घातला तरी काय उपयोग? (‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आमच्या चाळीत कुणाला ठाऊकही नव्हता.) महापालिकेने प्रत्येक प्रभागात, एखाद्या वाचनालयात का होईना, तासाभरासाठी एक बंद खोली द्यावी. कारण न विचारता.

– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे