९९.९ टक्के जंतू मरतात, ते कुठले?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

माउथवॉशच्या जाहिरातींत '९९.९ टक्के जंतूंचा नाश' हे शब्द हमखास असतात. दंतवैद्य म्हणून त्याबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण या आकड्यावर विसंबून ब्रश कसाबसा फिरवणारे रुग्ण रोज समोर येतात.

असा आकडा सहसा प्रयोगशाळेतला असतो. द्रवात सुटे तरंगणारे जंतू घ्यायचे, त्यांत माउथवॉश मिसळायचे आणि थोड्या वेळाने किती मेले ते मोजायचे. तोंडात मात्र जंतू एकमेकांना आणि दाताला घट्ट चिकटून, थर करून राहतात. त्या चिकट थराला आम्ही प्लाक म्हणतो. औषध वरच्या पापुद्र्यातले जंतू मारते, खालचे वाचतात आणि काही तासांत संख्या पुन्हा भरून येते. हा थर ब्रशने घासूनच निघतो.

म्हणून माउथवॉश कुचकामी आहे, असे मी म्हणत नाही. काही माउथवॉशमध्ये असणारे ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक खरोखरच प्रभावी औषध आहे. १९७० साली लो आणि शोट या संशोधकांनी डेन्मार्कमध्ये दाखवून दिले की, ब्रश बंद ठेवूनही दिवसातून दोनदा याच्या गुळण्या केल्या तर प्लाक जवळजवळ साचत नाही. पण सुरुवात स्वच्छ दातांपासून होती, हे विसरू नये. साचलेला थर किंवा कीटण त्याने निघत नाही. हे औषध दातांना आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून तासन् तास काम करते, आणि त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते: दातांवर तपकिरी डाग पडतात (चहा पिणाऱ्यांना अधिक), तोंडाची चव जाते, कीटणही वाढते. शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरड्या सुजल्यावर आठवडा-दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली बाटली लोक पुढे महिनोन् महिने स्वतःच आणत राहतात. दुकानात कोणी चिठ्ठी विचारत नाही. शिवाय ब्रश करून लगेच गुळणी केली, तर टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने औषधाचा जोर कमी होतो. मध्ये निदान अर्धा तास जायला हवा. हे किती जणांना सांगितले जाते?

सगळेच जंतू मारण्यासारखे नसतात, हेही कळायला हवे. जिभेवरचे काही जंतू पालक, बीट यांतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्यापासून शरीरात बनणारे नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवते. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांनी हे जंतू घटून रक्तदाब किंचित वाढल्याचे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. घाबरण्याएवढे ते नाही, पण विनाकारण रोज वापरू नये एवढे नक्की.

सर्वांत जास्त काळजी मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांची वाटते. माउथवॉशने वास दबतो आणि तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटते. गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम गुळण्यांनी बरी होत नाही. ती लगेच डॉक्टरांना दाखवावी.

माझी मागणी साधी आहे. क्लोरहेक्सिडीनच्या प्रत्येक बाटलीवर किती दिवस वापरायचे आणि ब्रशनंतर किती वेळाने, हे ठळक मराठीत छापावे. तोवर औषध विक्रेत्यांनी बाटली हातात देताना एवढ्या दोन गोष्टी तोंडी सांगाव्यात.

आपला,
एक दंतवैद्य, सांगली