सूचना : गोदामात धान्य लावण्यापूर्वी

सर्व सभासदांस,

येत्या सोमवारी सकाळी ८ वाजल्यापासून आपल्या सामाईक गोदामात धान्य लावायचे आहे. दारातच प्रत्येक पोत्याचा नमुना ओलावामापकावर तपासला जाईल. मर्यादा : गहू, ज्वारी, मका १२ टक्के, तूर, हरभरा १० टक्के. त्याहून ओला माल परत जाईल. एक ओले पोते आतून तापते, त्याची वाफ शेजारच्या पोत्यांवर बसते आणि अख्ख्या थप्पीला बुरशी धरते.

वाळवताना धान्य ताडपत्रीवरच पसरा, थर दोन-तीन बोटांचाच ठेवा आणि दर तासाला दाताळ्याने उलथा. संध्याकाळी गोळा करून झाका, नाहीतर दिवसभर घालवलेला ओलावा दव परत देते. भात मात्र कडक उन्हात घाईने वाळवू नका, दाण्याला चीर पडते आणि भरडताना कणीच जास्त निघते.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही म्हणून धान्य १२ टक्क्यांपर्यंत वाळले असे समजू नका.

- उन्हातले गरम धान्य लगेच भरू नका. सावलीत पूर्ण निवू द्या.
- जुनी पोती उलटी करून, झटकून, उन्हात तापवून आणा. सोंडे (धान्यातले किडे) शिवणीतच लपतात.
- थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून.
- धुरीच्या गोळ्या कोणीही स्वतः ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू जीवघेणा आहे; ते काम परवानाधारकाचेच.