मोठ्या जाऊबाईंना जाहीर आभाराचं पत्र

ताई,

सादर नमस्कार.

एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात वावरणाऱ्या जावेला पत्र कशाला लिहायचं, असं तुम्ही म्हणणारच. पण घरात आभार मानायला गेलं की तुम्ही "हट् वं, काय लावलं हे" म्हणून उठून जाता. शिवाय ही गोष्ट चार लोकांसमोर सांगायची आहे. मी फोटो काढते हे तालुक्यात आता बऱ्याच जणांना माहीत आहे. भेटणाऱ्या बायका विचारतात, लहान लेकरू असताना हे कसं जमतं? पुरुषमंडळी विचारत नाहीत. ती आपल्या यांचं कौतुक करतात, की बायकोला कॅमेरा घेऊन फिरू देतात. यांनी साथ दिली, ते खरंच आहे. पण जमतं कसं, याचं उत्तर तुम्ही आहात आणि ते कोणाच्या तोंडी येत नाही. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. आपल्या गावात तर ते सांगायची गरजही नाही.

माझं काम म्हणजे लग्नाचे व्हिडिओ, असं लोकांना वाटतं. ते मी क्वचितच करते. माझी खरी रोजी घरच्या फोटोंवर आहे. साक्षगंध, ओटीभरण, बारसं, जावळ, पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी. अख्खं घर अंगणात बसवायचं, म्हातारी माणसं खुर्चीवर, लेकरं सतरंजीवर, बाकीचे मागे. या कामातली खरी अडचण मला पहिल्याच वर्षी कळली. दुसऱ्याचं घर ज्या दिवशी गोळा होतं, नेमक्या त्याच दिवशी मी माझ्या घरी हवी असते. सण त्यांचाही आणि आपलाही. नोकरी करणाऱ्या बाईला निदान सणाची सुटी असते. माझा सण म्हणजे माझी कमाई. त्या प्रत्येक सणाला या घरातली माझी जागा तुम्ही भरून काढली.

बाळ झालं तेव्हाचं आठवा. सरकारनं 2017 साली कायदा बदलून बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवड्यांची केली. 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराचीही सक्ती केली. चांगलंच झालं. पण ते पगारदार बाईसाठी. माझ्यासारखी, जिची मालकही तीच आणि मजूरही तीच, तिला कोण रजा देणार? अंगणवाडीत लेकराला बसवायचं तर ते तीन वर्षांचं व्हावं लागतं. त्याआधीची जी तीन वर्षं उरतात ती आपल्याकडे कोणाच्या तरी मांडीवरच निघतात. माझ्या लेकराची तुमच्या मांडीवर निघाली.

2023 चा उन्हाळा होता. बाळ अंगावरचं पीत होतं आणि एप्रिल-मे तर आपल्याकडे साक्षगंध-लग्नांची सगळ्यात मोठी गर्दी. मी दूध काढून ठेवायचं ठरवलं होतं. काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. पण ते गणित 25 अंशांच्या खोलीचं. आपल्या घरात कूलर लावूनही दुपारी तेवढा गारवा कुठे असतो? बाहेर पारा 45 च्या घरात, आणि फ्रिजचा भरवसा लाईटवर. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दूध कायले नेतं-आनतं? लेकरूच नेऊ ना तुह्यासंग."

आणि खरंच निघालात. त्याच मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. नाहीतर दोघींचं जाणं-येणं मला परवडलंच नसतं. तुमच्या खांद्यावर बाळ, हातात दुपटी आणि वरणाच्या पाण्याचा डबा नाही तर माझ्या स्टँडची पिशवी. लोकांच्या घरी पोचलो की तुम्ही आधी सपरीतला सावलीचा कोपरा शोधायच्या, घरच्या बाईशी ओळख काढायच्या, आणि साडीची झोळी बांधायला आडं मागायच्या. कोणी नाही म्हटलं नाही. मी दोन कार्यक्रमांच्या मधे येऊन बाळाला पाजायची, तेव्हा तुम्ही दारात पाठ करून बसायच्या, म्हणजे कोणी आत येऊ नये. फोटोग्राफर बाईला दूध पाजायला जागा लागते, हे त्या घरांना आपण दोघींनी नुसतं असं वागूनच शिकवलं. आता कितीतरी घरी मी पोचायच्या आधीच एक खोली रिकामी केलेली असते.

मग तुम्ही नुसत्या बाळाला धरून बसल्या नाहीत. आपल्याकडची जुनी घरं, चुन्यात नीळ टाकून रंगवलेल्या भिंती. घरात फ्लॅश भिंतीवर मारला की उजेड निळा होऊनच परत येतो आणि माणसांचे चेहरे आजारी दिसतात. एका बारशाला मी त्यानं हैराण झाले होते. तुम्ही घरातली धुतलेली पांढरी चादर मागून आणली आणि भिंतीसमोर दोन्ही हातांनी ताणून उभ्या राहिलात. बाळंतिणीचा चेहरा लगेच उजळला. तुम्हाला उजेडाचं शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं होतं की भिंत निळी आहे म्हणून माणूस निळं दिसतं. ती चादर आता माझ्या बॅगेत कायमची असते.

आणि म्हातारी माणसं! कॅमेरा समोर आला की आपल्याकडचे आजोबा श्वास धरून बसतात. हसा म्हटलं की आणखी आखडतात. तुम्ही माझ्या खांद्यामागून विचारायच्या, "बाबाजी, औंदा कापूस केवढा निंघाला? भाव काय भेटला?" झालं. बाबाजी भावाबद्दल चिडून बोलायला लागायचे, मग शेजारचा भाऊ त्यांना दुरुस्त करायचा, मग दोघंही हसायचे, आणि मला फोटो मिळायचा. ते फोटो पाहून लोक म्हणतात, बाई, आमचे बाबा अगदी असेच दिसतात. लोकांना बोलतं कसं करायचं हे मी तुमच्याकडून शिकले.

आता महालक्ष्म्यांचं. हे लिहिण्यासाठीच पत्राला बसले.

आपल्या घरी महालक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, कथली, पुरणपोळ्या, सगळं सोवळ्यात, आणि पंगती संध्याकाळपर्यंत. धाकट्या सुनेनं त्या दिवशी उंबरा ओलांडायचा विचारही करू नये, असा तो दिवस. आणि त्याच दिवशी शेजारच्या गावातून बोलावणं आलं. पुण्या-नागपुरात पांगलेले सगळे भाऊ घरी आले होते, म्हातारी आई अंथरुणातून उठून बसत होती, दुसऱ्या दिवशी विसर्जन होताच सगळे परत निघणार होते. मी नाहीच म्हणणार होते. आपल्या सासूबाईंना, आईंना विचारायची माझी हिंमत नव्हती.

विचारलं तुम्ही. पुरण वाटता वाटता, हात न थांबवता. "तिच्या वाटनीच्या पोया मी लाटतो. त्या बुढीचा फोटो आज नाही निंघाला त मंग कवा काढन ते?" आई काही बोलल्या नाहीत. तुम्ही पुढे म्हणालात, "महालक्षमी लेकीबायच्याच रूपात येते म्हन्ता ना आई? मंग लेकीबायनं कामाले जावं त तिले कायचा राग?" मला वाटलं, आता घर डोक्यावर येईल. आईंनी आंबिलीचं झाकण उचललं, परत ठेवलं, आणि मला म्हणाल्या, पंगत बसायच्या आत ये. बाळ तुमच्या पदराला धरून तिथेच खेळत होतं. त्या दिवशी तुम्ही किती पोळ्या लाटल्या ते मला कोणी सांगितलं नाही, पण रात्री तुमची मनगटं सुजली होती ती मी पाहिली.

भादव्यातलं ते आभाळ फोटोला फार चांगलं असतं. ढगांमुळे ऊन मऊ होतं, कोणाच्या डोळ्याखाली काळी सावली पडत नाही. अंगणात तीन रांगा केल्या. एवढ्या माणसांसाठी मी कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र लहान, एफ आठवर ठेवते, म्हणजे पुढच्या नातवापासून मागच्या भावापर्यंत सगळे स्पष्ट येतात. सगळे बसले, थोरला भाऊ म्हणाला, काढा ताई. आणि मला एकदम तुम्ही आठवल्या, कढईसमोरच्या. मी कॅमेरा खाली घेतला आणि विचारलं, आत कोण राहिलं? आत दोघी होत्या. एक वडे तळत होती, एक नैवेद्याची पानं वाढत होती. "त्यायचा नंतर घेऊ वेगळा," असं कोणीतरी म्हणालं. मी थांबले. गॅस बंद करायला लावला. दोघी घामेजल्या चेहऱ्यानं, पदराला हात पुसत आल्या, आणि मी त्यांना मधल्या रांगेत, सासूबाईंच्या अगदी मागे उभं केलं.

तेव्हापासून प्रत्येक घरी मी आधी स्वयंपाकघरात जाऊन येते. जिनं सकाळपासून सगळ्यांसाठी रांधलं तीच नाही, तर तो घरचा फोटो कसला? माझ्या कामाला लोक आता जे चांगलं म्हणतात त्यातला मोठा भाग या एका सवयीचा आहे, आणि ती मला तुमच्यामुळे लागली.

पोळ्याचंही तसंच. आपला वर्धा जिल्ह्यातला आर्वीकडचा भाग गवळाऊ जातीच्या बैलांचा, आणि शेतकऱ्याला घरच्या फोटोत बैलजोडी हवीच असते. हवीच, ती घरचीच आहे. पण पांढऱ्याशुभ्र बैलावर ऊन पडलं की त्याच्या अंगाचा नुसता पांढरा डाग होतो, आणि बैल सांभाळावा तर सावलीतली माणसं काळवंडतात. म्हणून सगळ्यांना, बैलांसकट, एकाच सावलीत आणावं लागतं. त्यात वेळ जातो, संध्याकाळ होते. त्याच संध्याकाळी पिठोरीची पूजा असते. आई डोक्यावर वाण घेऊन मागे न बघता विचारते, अतीत कोण? आणि लेकरू मागून म्हणतं, मी. आमच्या पोराची ती पहिली पिठोरी माझ्याविना व्हायची होती. तुम्ही पूजा मांडून ठेवलीत, पण वाण उचललं नाही. तुमच्या स्वतःच्या लेकरांनाही थांबवलंत. मी धुळीनं माखलेली, रात्री उशिरा आले, तेव्हा म्हणालात, "आंग धू, मंग दोघीबी करू." दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मी पुन्हा गावभर लेकरांचे आणि लाकडी बैलांचे फोटो काढत होते, आणि आमच्या पोराला धोतर नेसवून, मिशी काढून, बैल हातात देऊन तुम्हीच माझ्यासमोर रांगेत आणून उभं केलंत. माझ्या लेकराचा तान्ह्या पोळ्याचा फोटो मला काढता आला.

गावात बोलणारे बोललेच. लेकराला टाकून फोटो काढत फिरते, हे मी पाणवठ्यावर माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, की टाकलं नाही, माझ्याजवळ ठेवलं. मला त्या बायांचा राग नाही. पण माझं मत पक्कं आहे. बाईनं काम करावं की नाही यावर आपल्याकडे खूप बोललं जातं. ती कामावर गेल्यावर घरी जी दुसरी बाई थांबते, तिच्या कष्टाचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही.

मी मांडायला गेले होते. पहिल्या मोठ्या ऑर्डरचे पैसे तुमच्या हातात ठेवले, तेव्हा तुम्ही ते परत केले. "मले पैसे देशीन त मंग मी कामवाली झालो, आन् लेकरू पावन्याचं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तुमचं म्हणणं मला मान्यही आहे. पण एक गोष्ट मी तुम्हाला न विचारता केली, ती इथे सगळ्यांसमोर सांगते म्हणजे तुम्हाला परत करता येणार नाही. तुमच्या लेकीच्या नर्सिंगसाठी मी पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली आहे. दर महिन्याला घरच्या फोटोंच्या कमाईतून त्यात पैसे जातात. ती मजुरी नाही. काकूनं पुतणीच्या शिक्षणाला हातभार लावला, असं समजा. तुम्ही माझं लेकरू आपलं मानलं, तर तुमची लेक मला आपली मानू द्या.

आता कापसाची वेचणी तोंडावर आली आहे. मजूर मिळत नाहीत, आणि दिवसभर वाकून तुमची कंबर धरते हे मला दिसतं. दिवाळीचे फोटो मी आधीच कबूल केले आहेत, ते मोडता यायचे नाहीत. पण ते दिवस सोडून तुळशीच्या लग्नापर्यंत मी एकही नवी ऑर्डर घेतलेली नाही. सकाळचा डबा, गुरांचं शेणपाणी, लेकीला आर्वीच्या बसवर सोडणं, अंगणवाडीतून पोराला आणणं, हे सगळं माझ्याकडे. दुपारून मीही ओटी बांधून तुमच्यासोबत वेचायला लागते. हात सवयीचा नाही, तरी लागते. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, कोणत्या दिवशी करायचं तेवढं मला आधी सांगा, म्हणजे त्या दिवसाचं काही आलं तर मी ते दुसऱ्या फोटोग्राफरकडे पाठवून देते.

तुमची,
धाकटी जाऊ