ओझरला प्रेक्षक सज्जा हवा, आणि एक अॅव्रोही

महोदय,

सिंहस्थाच्या निमित्ताने ओझर विमानतळाच्या विस्ताराविषयी बरेच लिहून येत आहे. धावपट्टी, वाहनतळ, प्रवाशांच्या सोयी यांवर मते मांडली जातात. मात्र ज्यांना कुठेही जायचे नसते, केवळ विमाने डोळे भरून पाहायची असतात, त्यांच्यासाठी तेथे प्रेक्षक सज्जा असावा, ही मागणी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या पिढीतील अनेक नाशिककरांनी पहिले प्रवासी विमान जवळून पाहिले ते मुंबईला सांताक्रूझ विमानतळाच्या गॅलरीतून, कोणा नातलगाला निरोप द्यायला गेल्यावर. कठड्याला रेलून तासन् तास उभे राहणाऱ्या पोरांना विमान ओळखायला नावाची गरज पडत नसे. त्रिकोणी खिडक्या आणि शेपटीजवळ दोन इंजिने दिसली की ते कॅराव्हेल. पंख खिडक्यांच्या वर असले की फोकर फ्रेंडशिप. फोकर आणि अॅव्रो या दोन्ही पंख्यांच्या प्रवासी विमानांना रोल्स-रॉइसची डार्ट इंजिने असत आणि त्यांची ती तीक्ष्ण शीळ विमान दृष्टीस पडण्याआधीच कानी येई. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने १९६० पासून सेवेत होती. ती उडताना मागे काळ्या धुराचा लांब पट्टा सोडत, आणि तो विरेपर्यंत कोणी नजर काढत नसे. पुढे १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जंबो, म्हणजे बोइंग ७४७, आले. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती झरोक्याची लाल महिरप रंगवलेली होती. एवढ्या अवाढव्य यंत्रावर इतके नाजूक नक्षीकाम करावे असे ज्यांना सुचले, त्यांच्या रसिकतेचे मला आजही कौतुक वाटते.

ही विमाने एकेक करून गेली. एअर इंडियाचे ‘आग्रा’ हे जंबो २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे निघाले, तेव्हा वैमानिकाने पंख हलवून शहराचा निरोप घेतला. ते विमान इथेच ठेवून घेता आले असते, ही हळहळ अजून जात नाही. याउलट गोव्यात नौदलाच्या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. तीन उभ्या शेपट्यांचे, माशासारख्या बाकदार अंगाचे हे विमान मुळात एअर इंडियाचे ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळच्या नावाचे. नंतर ते हवाई दलाकडे आणि तेथून नौदलाकडे गेले, म्हणूनच वाचले. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या विमानतळाने तर धावपट्टीलगत प्रेक्षकांसाठी उद्यानच केले असून तेथे कॉनकॉर्ड आणि ट्रायडंट ही जुनी प्रवासी विमाने जतन केलेली आहेत.

नाशिकचा विमानांशी संबंध काही कालचा नाही. १९६४ मध्ये एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीचा) ओझरचा कारखाना स्थापन झाला; तेथे आधी मिग आणि नंतर सुखोई ही लढाऊ विमाने बांधली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए लढाऊ विमानाने उड्डाण केले. ज्या गावातील घराघरांत विमानाला हात लावलेला माणूस आहे, त्या गावातील मुलांना विमान पाहण्यासाठी कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला ताटकळावे लागू नये.

धावपट्टी एचएएलची आहे, शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न येणारच आणि तो रास्तही आहे. परंतु सज्जा प्रवासी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, केवळ नागरी विमानांच्या बाजूला, काचेआड ठेवता येईल; प्रवेश तिकीट आणि ओळखपत्रावर द्यावा, छायाचित्रणाला परवानगी नसेल तर तसा फलक लावावा. पाहायला मिळाले तरी पुष्कळ झाले.

दुसरी मागणी अॅव्रोची. एचएएलने कानपूरला बांधलेले पहिले अॅव्रो १९६१ मध्ये उडाले. याच जातीची विमाने इंडियन एअरलाइन्सने अनेक वर्षे चालवली. हवाई दलातील अॅव्रोंची जागा आता सी-२९५ विमाने घेत आहेत. निवृत्त होणाऱ्यांपैकी एक विमान प्रवासी इमारतीसमोर, पावसापासून बचाव होईल अशा छपराखाली उभे करावे आणि शाळांच्या सहलींना आत चढून पाहू द्यावे. ही विमाने भंगारात निघण्यापूर्वीच मागणी नोंदवावी लागेल. आपल्या लोकप्रतिनिधींनी आणि एचएएलच्या नाशिक विभागाने याबाबत हवाई दलाकडे तातडीने पत्रव्यवहार सुरू करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक