गेम विकत घेतला की विकायचाही हक्क हवा: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ग्राहक व्यवहार मंत्री

विषय: गेम कन्सोलवरील मनोरंजनाच्या सोयी, गेमच्या फेरविक्रीवरील निर्बंध आणि खोक्यावर छापायची माहिती

महोदय,

टीव्हीला जोडून गेम खेळायचा नवा कन्सोल बाजारात येतो तेव्हा चित्र किती स्पष्ट दिसेल आणि टीव्ही, चित्रपट, संगीत यांतले काय काय त्यावर चालेल, हे जाहिरातीत ठळक असते. घेतलेला गेम पुढे विकता येईल का, मित्राला देता येईल का, इंटरनेट नसेल तर चालेल का, हे मात्र सेवाशर्तींत खोलवर शोधावे लागते. आमची मागणी याच गोष्टींबद्दल आहे. त्या खरेदीआधी, खोक्यावर, साध्या शब्दांत छापणे बंधनकारक करावे आणि गेमची डिस्क किंवा कार्ड पुढे विकण्याचा हक्क कंपनीच्या मर्जीवर सोडू नये.

नियम नेमका कुठे हवा ते २०१३ साली जे घडले त्यावरून स्पष्ट होते, म्हणून ते तपशिलात मांडतो.

२१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने रेडमंड येथे एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला. कार्यक्रमाचा मोठा भाग टीव्हीवरच खर्च झाला. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल कन्सोलमध्ये जोडायची, कन्सोलची टीव्हीला, आणि नुसत्या आवाजाने चॅनेल बदलायचे. गेमच्या बाजूला छोट्या चौकटीत सामना चालू ठेवायचा. गेमर चिडले ते टीव्ही दाखवला म्हणून नव्हे. सेकंडहँड गेमचे काय, इंटरनेट सतत लागणार का, या प्रश्नांना त्या दिवशी धड उत्तर मिळाले नाही आणि ६ जूनला लेखी उत्तर आले ते भीती खरी ठरवणारे होते. कन्सोलने दर २४ तासांत एकदा कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधायचा; तो झाला नाही तर गेम बंद, टीव्ही आणि ब्लू-रे (चित्रपटाच्या डिस्क) मात्र चालू. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपल्या खात्याने खेळायचे तर ही मुदत एका तासाची. डिस्क मित्राला द्यायची तर तो मित्रयादीत किमान ३० दिवस असला पाहिजे आणि एक गेम आयुष्यात एकदाच असा देता येणार. विक्री ठरावीक दुकानांतच, तीही प्रकाशकाने, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, मुभा दिली तर. उसना देणे किंवा भाड्याने देणे सुरुवातीला नाहीच.

चारच दिवसांनी, १० जूनला, सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलची किंमत ३९९ डॉलर सांगितली (एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला होता) आणि सेकंडहँड गेमवर आपल्याकडून कसलेही बंधन नाही, असे मंचावरून जाहीर केले. या वाक्याला सभागृहात मोठा जल्लोष झाला. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० (आधीचा कन्सोल) आहे, या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या, डॉन मॅट्रिक यांच्या, उत्तराने संताप आणखी वाढला. १९ जूनला कंपनीने सगळे निर्बंध मागे घेतले.

हा २४ तासांचा नियम मुळात का आला, हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण कंपन्या आपल्यापुढे तेच कारण मांडतील आणि त्यात तथ्य आहे. ब्लू-रे ड्राइव्हचा वेग आजच्या गेमला पुरत नाही. म्हणून डिस्कवरचा सगळा डेटा, बहुधा काही दहा जीबी, आधी हार्ड डिस्कवर उतरवावा लागतो. एकदा तो उतरला की खेळायला डिस्कची गरज उरत नाही. मग कुणी गेम उतरवून घेऊन डिस्क विकली तर एका डिस्कवर दोघे खेळतात. त्यानेही तेच केले तर तिघे. हे थांबवायचा एक मार्ग म्हणजे खेळताना डिस्क ट्रेमध्ये असलीच पाहिजे. दुसरा म्हणजे डिस्क खात्याला बांधायची आणि हा गेम अजून याच खात्याचा आहे ना, हे सर्व्हरला वरचेवर विचारायचे. मायक्रोसॉफ्टने दुसरा मार्ग धरला होता, माघार घेतल्यावर पहिल्यावर आली. त्या माघारीत एक चांगली गोष्टही गेली: कुटुंबातल्या दहा जणांपर्यंत गेम वाटून घेण्याची योजना. ती त्याच तपासणीवर उभी होती, त्यामुळे तीही रद्द झाली. आम्हाला ती जायला नको होती.

तिसरा मार्ग कुणी नीट पुढे आणलाच नाही. गेम विकायचा असेल तेव्हाच, ज्या कन्सोलवर तो उतरवला आहे त्याच कन्सोलवरून तो खात्यातून मोकळा करायचा. त्या एका वेळी इंटरनेट लागले तर कुणाची तक्रार नसेल. ज्याला विकायचेच नाही, त्याने रोज हजेरी का लावावी?

२०१३ चा विजय गेमरांनी आरडाओरडा करून मिळवला, कायद्याने नव्हे. त्यामुळे तो टिकाऊ नव्हता. निर्बंध गेले नाहीत, ते मागच्या दाराने परत आले. आज दुकानात अशी खोकी मिळतात ज्यांत डिस्क नसतेच, कागदावर डाउनलोडचा कोड असतो. तो एकदा वापरला की खोके विकण्याच्या लायकीचे राहत नाही. काही डिस्कवर गेमचा थोडाच भाग असतो, बाकीचा उतरवावा लागतो. डिस्क ड्राइव्ह नसलेले कन्सोल वेगळेच. २०२३ च्या शेवटी आलेल्या पातळ प्लेस्टेशन ५ ला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंद करावी लागते. उद्या ती नोंद घेणारा सर्व्हर बंद झाला तर चांगला चालणारा सेकंडहँड ड्राइव्ह दुसऱ्या कन्सोलला लागणार नाही.

जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ चे ‘गेम-की कार्ड’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड घातल्यावर पूर्ण गेम उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत ठेवायचे. कार्ड विकता येते, उसने देता येते, आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला तशी सूचनाही छापलेली असते. या सूचनेबद्दल कंपनीचे कौतुकच केले पाहिजे. खोक्यावर माहिती छापणे शक्य आहे हे तिने दाखवून दिले. पण सर्व्हरवरून तो गेम निघाला की नवी खरेदी करणाऱ्याच्या हातात प्लॅस्टिकचा तुकडा उरेल. ही भीती हवेतली नाही. निन्टेन्डोने वी यू आणि ३डीएस या आपल्या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद केली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झाले. आधी घेतलेले गेम तूर्त पुन्हा उतरवता येतात, पण किती वर्षे, याची लेखी हमी ग्राहकाकडे नाही.

तपासणी किती आडवाटेने गेम बंद पाडू शकते याचा आणखी एक नमुना देतो. प्लेस्टेशन ४ च्या बोर्डवर घड्याळासाठी सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. ती काही वर्षांनी संपते. संपली की घड्याळाची वेळ जाते आणि कन्सोल ती सोनीच्या सर्व्हरकडून पुन्हा घ्यायला बघतो. सर्व्हर मिळाला नाही तर गेम सुरूच व्हायचे नाहीत, ट्रेमध्ये खरी डिस्क असली तरी. कारण इतकेच, की गेममधल्या ट्रॉफींवर मिळवल्याची वेळ नोंदवायची असते आणि ती कुणी मागेपुढे करू नये. म्हणजे बक्षिसांच्या तारखेसाठी सगळा संग्रह अडकला होता. बॅटरी बदलूनही भागत नव्हते, कारण नवी बॅटरी घातल्यावर वेळ पुन्हा सर्व्हरकडूनच घ्यावी लागे. गेमरांनी हे उघडकीला आणले आणि सप्टेंबर २०२१ मधल्या ९.०० अपडेटनंतर अडचण सुटली. ज्याने तो अपडेट कधी घेतलाच नाही, त्याच्या कन्सोलवर ती आजही आहे.

मनोरंजनाच्या सोयींबद्दल थोडे. एक्सबॉक्स वनवरून टीव्ही पाहायचा तर कन्सोल चालू ठेवावाच लागे. तो बंद असताना सेट-टॉप बॉक्सचे चित्र पुढे जातच नसे. आवाजाने सुरू होण्यासाठी तो अर्धवट जागा ठेवला तर साधारण १५ वॅट वीज सतत खात असे. दिवसाचे २० तास धरले तरी वर्षाला शंभराच्या वर युनिट होतात, तेही काहीच न खेळता. जिथे प्रसारण ५० हर्ट्झचे (सेकंदाला ५० चित्रांचे) आहे तिथे कन्सोल ६० हर्ट्झने चित्र पाठवत असल्याने सामन्यात कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळायचे. त्यावरचा उपाय २०१४ मध्ये अपडेटने आला. किनेक्ट हा कॅमेरा-माइक सुरुवातीला सक्तीचा होता आणि त्यासाठी ग्राफिक्स चिपची सुमारे १० टक्के ताकद गेममधून काढून राखून ठेवली होती. जून २०१४ मध्ये किनेक्टशिवाय कन्सोल ३९९ डॉलरला मिळू लागला आणि ती ताकदही गेमला मोकळी झाली. शेजारच्या चौकटीची सोय २०१७ मध्ये काढली, किनेक्टचे उत्पादन त्याच वर्षी थांबले आणि २०२० च्या एक्सबॉक्स सीरीज एक्सला टीव्ही आत घ्यायचे पोर्टच नाही. ज्या सोयी दाखवून पैसे घेतले त्या निम्म्या आयुष्यातच गळून पडल्या. कोणती सोय आपल्या देशात चालते, कोणती नाही, आणि ती किमान किती वर्षे ठेवणार, हे विक्रीच्या वेळी सांगायला लावले पाहिजे. कॅमेरा आणि माइक तर केबल काढून बंद करता आलेच पाहिजेत.

कन्सोलच विकताना होणारी फसगतही आपल्या मंत्रालयाच्या कक्षेत येते. विकणाऱ्याने आधी गेममधली सेव्ह केलेली प्रगती क्लाउडवर किंवा यूएसबीवर घ्यायचे, मग आपल्या खात्यातून हा कन्सोल ‘मुख्य’ असल्याची नोंद काढायची आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करायचा. क्रम उलटा झाला, म्हणजे नोंद न काढताच रीसेट केला, तर ती त्याच कन्सोलवरून काढायची संधी जाते. प्लेस्टेशनच्या खात्यात सगळे कन्सोल एकदम काढण्याची सोय वेबसाइटवर आहे, पण ती सहा महिन्यांत एकदाच वापरता येते. विकत घेणाऱ्याची अडचण याहून मोठी. आधीच्या मालकाच्या गैरवापरामुळे कंपनीने तो कन्सोल ऑनलाइन सेवेतून बाद केलेला असू शकतो आणि पैसे देण्याआधी हे तपासायला अधिकृत जागा नाही. मागच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर टाकला की ‘चालू’ किंवा ‘बाद’ एवढे सांगणारे पान प्रत्येक कंपनीने ठेवले पाहिजे. यात कुणाची खासगी माहिती उघड होत नाही.

सेकंडहँड विक्रीतून आम्हाला एक पैसाही मिळत नाही, असे प्रकाशक म्हणतील. खरे आहे. जुने पुस्तक विकले की त्याच्या प्रकाशकालाही मिळत नाही, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच ठरवले की पहिली विक्री झाली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा संपतो. सेकंडहँड ग्राहकाकडून ऑनलाइन खेळासाठी वेगळा कोड विकत घ्यायला लावण्याचा प्रयोग इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने २०१० मध्ये सुरू केला आणि २०१३ मध्ये स्वतःच बंद केला. डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ च्या यूजसॉफ्ट निकालात म्हटले की कायमचा परवाना विकला तर तो पुढेही विकता येतो. पण त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ई-पुस्तकांना हे लागू केले नाही. म्हणजे डाउनलोड केलेल्या गेमचा प्रश्न अवघड आहे, हे आम्हाला मान्य आहे. डिस्क आणि कार्डाचा नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने तर, प्रत्यक्षात फक्त परवाना मिळतोय हे ग्राहकाला स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूला ‘खरेदी’ म्हणायला मनाई केली आहे.

आपल्याकडून आम्हाला पुढील आदेश हवा आहे. खोक्याच्या पुढच्या बाजूला, ठरावीक आकाराच्या अक्षरांत, चार प्रश्नांची उत्तरे: पूर्ण गेम आत आहे की नाही, नसेल तर किती जीबी उतरवावे लागतील, इंटरनेट पहिल्यांदाच लागेल की दर किती तासांनी, विकता आणि उसना देता येईल का, सर्व्हर किमान कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील. ऑनलाइन दुकानातही ‘विकत घ्या’ या बटणाच्या वर हीच चार उत्तरे दिसावीत. एकट्याने खेळायच्या गेमला ठरावीक तासांनी तपासणी नको. सर्व्हर बंद करण्याआधी किमान सहा महिने सूचना द्यावी आणि तपासणीची अट काढणारा शेवटचा अपडेट द्यावा, तोही यूएसबीवर उतरवून जपून ठेवता येईल असा. विक्रीनंतर अटी बदलल्या आणि ग्राहकाला त्या मान्य नसतील तर पैसे परत.

मसुदा तयार करताना कंपन्यांसोबत दुरुस्ती करणारे, जुन्या गेमचे दुकानदार आणि खेळणारे यांनाही बोलवावे. कोणता कन्सोल इंटरनेटची केबल काढल्यावर कसा वागतो, हे आम्ही आपल्या अधिकाऱ्यांसमोर टेबलावर चालवून दाखवायला तयार आहोत.

आपले,
कन्सोलवर खेळणारे, ते दुरुस्त करणारे आणि जुने गेम विकणारे काही ग्राहक