मेलेल्या उंदरांना लेखात जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील विज्ञानाच्या पानावर रानउंदरांच्या प्रतिकारशक्तीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो. रोगजंतूंच्या सततच्या सहवासाने उंदीर त्यांना ‘सरावतात’ आणि आपली जनुके ‘बदलून घेतात’, असे लेखक लिहितात. तीस वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवल्यावर असे वाक्य निमूटपणे सोडून देणे मला जमत नाही. कोणताही उंदीर आपली जनुके बदलून घेत नाही. साथ येते तेव्हा ज्यांची जनुके त्या जंतूपुढे लंगडी पडतात ते मरतात, जे तगतात त्यांची पिल्ले वाढतात आणि म्हणून पुढच्या पिढीत जनुकांचे प्रमाण वेगळे दिसते. संपूर्ण लेखात मेलेल्या उंदरांचा साधा उल्लेखही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

माझी आजी चोपडा तालुक्यातली. तिच्या गावात प्लेग आला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. घरात उंदीर पडला की घर सोडायचे, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होते. त्यांच्या धाब्याच्या घरात चुलीमागे एक उंदीर झिंगल्यासारखा गोल फिरत होता आणि माणसे जवळ आली तरी पळत नव्हता. ते पाहून तिच्या आईने मळलेले पीठ परातीत तसेच टाकले आणि मुलांना घेऊन शेतातल्या झोपडीत मुक्काम हलवला. ‘उंदीर पडला’ हे शब्द आजी अगदी म्हातारपणीही आवाज खाली आणूनच उच्चारत असे.

तो पडलेला उंदीर आणि त्याच गावात न पडलेले उंदीर यांच्यातला फरक हाच या विषयाचा गाभा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या दशकात प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या शहरांतून आणलेल्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचून पाहिले, तेव्हा वर्षानुवर्षे साथ सोसलेल्या मुंबईचे पुष्कळ उंदीर वाचले आणि जिथे प्लेगने कधी मूळ धरले नाही त्या मद्रासचे उंदीर मात्र भराभर मेले. मादागास्करमध्येही पुढे हेच आढळले. तिथल्या उंच प्रदेशात १९२१ पासून प्लेग ठाण मांडून आहे आणि तिथले काळे उंदीर सखल भागातल्या उंदरांपेक्षा त्या जंतूला कमी बळी पडतात. हे उंदीर कुणी सरावाने घडवलेले नाहीत. त्यांच्या पूर्वजांतले कितीतरी आधीच मेले होते.

लेखातील दुसरी उणीव अशी की प्रतिकारशक्ती म्हणजे एकच गुण आणि तो वाढतच जातो, असा समज वाचकाचा होतो. एमएचसी नावाच्या जनुकांपासून बनणारी प्रथिने जंतूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात आणि ते पाहून टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, जाग्या होतात. या जनुकांचे नमुने अनेक असतात आणि प्रत्येक नमुन्याला ठरावीक तुकडेच धरता येतात. एखादा नमुना सगळीकडे पसरला की त्याच्या तावडीतून निसटणाऱ्या जंतूचे फावते, मग दुर्मीळ नमुना बाळगणारे उंदीर तगतात, आणि तो नमुना नेहमीचा झाला की पुन्हा दुसऱ्याची पाळी येते. शिवाय आईकडून एक आणि बापाकडून निराळा नमुना मिळालेल्या उंदराला जास्त प्रकारचे जंतू ओळखता येतात. रानात जंतू एकटा नसतो, म्हणूनच एवढे वैविध्य टिकते. इंग्लंडच्या उत्तरेकडील किल्डर जंगलात व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या, गवतात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यांवर जे काम झाले, त्यात तर एमएचसीच्या पलीकडे, पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या सायटोकाइन प्रथिनांच्या जनुकांतील फरकांचाही संसर्गाशी संबंध आढळला.

मेलेल्या उंदरांविषयी मी इतक्या पोटतिडकीने लिहितो, त्याला कारण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि तापीखोऱ्यातल्या रेल्वेने आपल्याकडची माणसे गाड्या भरभरून परतली. त्याच आठवड्यात आमच्या सरकीच्या खोलीत तीन उंदीर मरून पडले. वडिलांनी त्यांच्यावर रॉकेल शिंपडले, चिमट्याने उचलून ते पत्र्याच्या डब्यात घातले आणि मी तो डबा सायकलला बांधून एका सरकारी कचेरीत नेला. तिथल्या माणसाने झाकणही उघडू दिले नाही. ‘उंदीर मेला तर फेकून द्यायचा, इथे कशाला आणता?’ असे म्हणून त्याने मला बाहेर काढले. ते उंदीर विषाने मेले असतील, दुसऱ्या कशाने मेले असतील. तपासले असते तर कळले असते. तो डबा मी शेवटी बांधाजवळ खोल खड्डा करून पुरला, आणि तिथून जाताना अजूनही मला त्याची आठवण होते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत छापलेले चित्र उंदराचे नसून चिचुंद्रीचे आहे. तिचे लांबट नाक स्पष्ट दिसते. चिचुंद्री कीटक खाणारी असून कृंतकांच्या, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गणात ती मोडत नाही, हे आमच्या शाळेतली सातवीची मुलेही सांगतील.

माझी विनंती एवढीच की ‘सरावतात’ हा शब्द मागे घ्यावा आणि दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव