रॉक्या अर्धाच आपला

माय,

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायलो. फोनवर तू बोलू देत नाहीस आणि मधीच आई फोन हिसकून घेते. तू म्हणलीस सातव्या महिन्यात उदगीरला येते पण घरात कुत्रं नको, आधी त्याचं काहीतरी करा. काहीतरी म्हंजी काय ते तू बोलली नाहीस पण मला कळलं. तर पहिली गोष्ट, तू बिनघोर ये. दुसरी, रॉक्याला मी कुणाला देऊन टाकू शकत नाही कारण तो पूर्ण माझा नाहीच, अर्धा माझा आणि अर्धा शेजारच्या अप्पांचा.

तुला मागचं कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तुझ्या बापाला कुत्र्याचं याड लागलंय एवढंच आई सांगत असंल. झालं असं की अप्पांच्या पोरानं नातवासाठी पिल्लू आणलं, लॅब म्हणून कुणीतरी गळ्यात मारलं, मोठं झाल्यावर बघावं तर एक कान उभा एक पडलेला, निम्मं गावठी. मग पोराची बदली हैदराबादला झाली, तिथं फ्लॅट, कुत्रं इथंच राहिलं. तेवढ्यात अप्पांनी गुडघा बदलून घेतला. आता एवढं दांडगं कुत्रं साखळीला हिसका देतंय आणि हा माणूस वॉकर धरून चालायलाय, कसं जमायचं. मी तर सकाळी किल्ल्याकडं फिरायला जातोच, म्हणलं द्या इकडं, तुम्ही बरे होईपर्यंत नेतो. अप्पा बरे झाले पण साखळी काय त्यांनी परत मागितली नाही आणि मीबी दिली नाही.

सुरुवातीला आम्ही वार वाटून घेतले. तीन दिवस तुमचे तीन माझे, रविवार दोघांचा. ते काय टिकलं नाही, कुत्र्याला वार कळत नाही, ज्याच्या घरी पाहिजे त्याच्या गेटला जाऊन बसायचं आणि ज्याचा वार तो उगी रुसायचा. मी तलाठी म्हणून नोकरी केली, सामाईक विहिरीचे तंटे लई बघितले. भाऊभाऊ पाण्याच्या पाळ्या घड्याळ लावून वाटून घेतेत, अर्धा तास इकडं तिकडं झाला की कुऱ्हाडी निघतेत, पण मोटार जळाली की ती कुणाचीच नसती. रॉक्याचं तेच व्हायलं होतं. लाड करायला दोघं, गोचीड काढायला कुणी नाही. मग मीच अप्पांना म्हणलं की कुत्रं वाटायचं सोडा, कामं वाटू. सकाळचं फिरणं, आंघोळ आणि दवाखान्याला नेणं माझ्याकडं, झोपायला त्यांची वसरी, संध्याकाळचं खाणं आणि केस विंचरणं त्यांच्याकडं. पैसे दोघांचे निम्मे निम्मे, महिन्याच्या शेवटी.

खाण्यावरून मात्र जे झालं ते तू इथं असतीस तर पोट धरून हसली असतीस. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडं येत नाही. आपल्याकडं रविवारी मटण. म्हंजी रॉक्या इकडं नळ्या फोडायचा आणि तिकडं दूधभाकरी खायचा, आणि दोन्ही घरी तोंड असं करून बसायचा की सकाळधरनं पोटात काही नाही. वजन भरलं ३४ किलो. वर अप्पांना नर्सीच्या नामदेव महाराजांची गोष्ट पाठ, कुत्र्यानं भाकरी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. त्याच्यावर अप्पांनी रोज भाकरीला तूप सुरू केलं. जनावराच्या डॉक्टरीणबाईनं वजनाचा आकडा बघितला आणि म्हणल्या, महाराजांचं कुत्रं धावत तरी होतं, तुमचं बसून खायलंय. तूप बंद. माझ्या नळ्याबी बंद, शिजलेलं हाड चावलं की त्याच्या किरच्या होतेत आणि आतडं फाडतेत म्हणे. अप्पा प्रसादातले मनुके द्यायचे तेही बंद, मनुक्यानं नि द्राक्षानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते, मला ते अजिबात माहिती नव्हतं. कांदा तर नकोच. आता अंडं इकडं उकडायचं, टरफलं इकडंच टाकायची. सोमवारी अप्पा म्हणतेत आज राहू द्या, तर रॉक्याला सोमवार घडतो.

वसरीच्या खिळ्याला एक वही टांगली आहे. तू हसशील पण ही वही नसती तर आमचं कधीच मोडलं असतं. जंताची गोळी दर तीन महिन्याला, रेबीजची लस वर्षाला, गोचिडाचं औषध, ज्यानं दिलं त्यानं तारीख टाकून सही करायची. दोघांच्या मालकीत दोनच धोके, एक तर औषध दोनदा जातं किंवा दोघंही समजतेत की दुसऱ्यानं दिलं.

गेल्या पावसाळ्यात त्यानं खाणं सोडलं. अप्पा म्हणले उष्णता झाली, एक दिवस लंघन करू द्या. मला हिरड्या पांढऱ्या दिसल्या, ऑटोत घातलं आणि सरळ पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, अप्पांना रस्त्यातून फोन केला. गोचिडाचा ताप निघाला, प्लेटलेट पार खाली, चार आठवडे डॉक्सीच्या गोळ्या. अप्पा आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, न विचारता नेलं म्हणून, रॉक्या भाकरी खायला लागल्यावर बोलायला लागले. त्यावरून वहीत पहिल्या पानावर लिहिलं की दवाखान्याला नेताना कुणी कुणाला विचारायचं नाही, आधी न्यायचं. ऑपरेशन असंल नाहीतर कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर मात्र दोघांची सही.

लसीच्या कार्डावर मालकाची एकच ओळ असते. तिथं नाव अप्पांचं आणि मोबाईल नंबर माझा. कुणाला चावलं तर भांडायला कुणाच्या दारात यायचं असा प्रश्न अप्पांनीच काढला, भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, जनावर सांभाळताना हलगर्जी केली तर, पूर्वी ते आयपीसीचं २८९ होतं. मी म्हणलं ज्याच्या हातात साखळी त्याची जबाबदारी, तेही लिहिलं. अप्पांना हे सगळं बॉण्डवर पाहिजे होतं, म्हणलं बॉण्ड आता ५०० चा झालाय, कुत्र्यापायी कशाला, वहीचं पान बास.

त्याच पानावर अजून एक ओळ आहे, ती तुला सांगायची म्हणून तर हे एवढं लांबण लावलंय. रॉक्या पाच वर्षांचा. असली कुत्री बारा-तेरा वर्षं जगतेत. मी ६८, अप्पा ७३. माझ्या वयाच्या एकट्या माणसानं कुत्रं पाळू नये असंच माझं मत आहे, लोकं रिटायर झाल्यावर हौसेनं पिल्लू आणतेत आणि नंतर ते पोरांच्या गळ्यात पडतं. दोघांत मिळून मात्र जमतं. ओळ अशी आहे की मागं जो राहील त्याचा पूर्ण. आता मी माझा अर्धा सोडला तर अप्पांनी काय करायचं? त्यांच्यानं सकाळी नेणं होत नाही, त्यांना कुत्रं सोडावं लागंल. आणि मग तो माणूस संध्याकाळी कुणाशी बोलंल सांग, पोराचा फोन येतो रविवारचा, तोबी नातू मधीच गेम लावून घेतो.

तर तुझ्या येण्याचं असं ठरवलंय, अप्पांना विचारूनच. तू यायच्या आधीपासून रॉक्या दिवसरात्र त्यांच्याकडं राहील, मी सकाळी तिकडूनच घेऊन जाईन आणि तिकडंच बांधीन, आल्यावर कपडे बदलून साबणानं हात धुऊन मगच घरात. मागं अप्पा दिवाळीला हैदराबादला गेले तवा तो पूर्ण आपल्याकडं होता, तसंच हे उलटं. लस झालेली, जंताची गोळी तू यायच्या आठवड्यात देतो. तुला भीती ती बरोबरच आहे, कुत्र्याच्या पोटातले जंत लहान लेकराला होऊ शकतेत, ते मी डॉक्टरीणबाईला मुद्दाम विचारून घेतलं. बाळ झाल्यावर त्याचा वापरलेला कपडा आधी रॉक्याला हुंगायला देऊ, त्याला वास ओळखीचा व्हावा म्हणून, समोर नंतर आणू, तेबी तू म्हणशील तवाच. आणि कुत्रं कितीबी गरीब असलं तरी लेकराला त्याच्यापाशी एकटं सोडायचं नाही, एक मिनिटसुद्धा, ही माझी अट आहे, तुझी नव्हं.

आईला तो आवडत नाही. आवडावा असा माझा हट्टबी नाही. स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही एवढ्यावर आमचा संसार चाललाय. येळवसला, म्हंजी वेळ अमावस्येला, मात्र शेतात सगळ्यांसोबत असतो, बाजरीच्या उंड्यावर लक्ष ठेवून कोपीपाशी बसतो आणि आई त्याच्याकडं पाठ करून जेवते.

तू जावईबापूंशी बोल आणि काय ते कळव. तरीबी मन घेत नसंल तर तसं सांग, मी त्या काळात अप्पांच्या वसरीत झोपतो, त्यांना सोबत आणि तुम्हाला मोकळं घर. बिदर गाडीचं तिकीट काढलं की बोगी नंबर टाक, स्टेशनला मी येतो, साखळी न घेता. अप्पांना गुडघ्याचा पट्टा पाहिजे, लार्ज साईज, इथला सैल पडतो. पुण्यातून घेऊन ये. पैसे देतील ते, घेऊन टाक, नको म्हणलं की त्यांना राग येतो.

तुझा
अण्णा